एका बास्केटवरचा हंगाम

युनूस, परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. त्या दुष्काळी वर्षाचं लोकांनी फार कौतुक केलं, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. आताचे प्राचार्य तेव्हा कॉलेजात नव्हतेच. तरी ते म्हणाले, अर्ध्या मैदानावर सराव करून सरांनी मुलींचा संघ अंतिम फेरीत नेला, असा हंगाम या संस्थेनं पुन्हा पाहिला नाही. अशा सभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी मागून कुणीतरी वाजवल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी उठलो, आपला दोस्ताना फार जुना होता एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं गळा दाटला. खरं तर पुढं काय बोलावं तेच मला कळेना. तो हंगाम चांगला होता की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ज्याच्याशी भांडून ते ठरवायचं, तो तू दिंद्रुडच्या मातीत जाऊन निजलास.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण सांगता सांगता तरी काही उलगडेल असं वाटतंय. मध्ये तोंड घालायची तुझी सवय होती. आता घालता येणार नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

कॉलेज साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेचं. ऊस भरपूर होता त्या वर्षांत कारखान्यानं ते उभं केलं, आणि कुणा संचालकानं पुण्यात कुठंतरी पाहिलं म्हणून बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदानही करून दिलं. तू यायच्या आधी त्यावर लोक ज्वारी वाळवायचे. तू खेळाचा मास्तर म्हणून आलास तो तुझ्या भावाच्या गॅरेजमधून, नखांत ग्रीस तसंच. सकाळी गॅरेज आणि दुपारनंतर कॉलेज, असं पहिले काही महिने चाललं. मी अर्थशास्त्र शिकवायचो. जिमखाना समिती घ्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली होती. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही हे तुला पहिल्या दिवशीच समजलं आणि तू खूश झालास. म्हणालास, चला, लुडबूड करायला कुणी न्हाई.

मुलींचा संघ काढायचं तुझ्याच डोक्यात आलं. आपण दोघं तुझ्या मोटारसायकलवर गावोगाव हिंडलो. युसूफ वडगाव या गावी आपल्या कॉलेजातल्या संगीताच्या घरी गेलतो तेव्हा तिच्या वडिलांनी आपल्याला ओट्यावर बसवलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं आणि म्हणाले, शिकणं बुडणार नसेल तर खेळू द्या. आमच्या समाजातला माणूस एवढ्या सहज हो म्हणाला याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. चकलांब्याची रेखा तुला बसस्टँडवर सापडली. एसटीच्या टपावरून कुणाचं तरी बोचकं घसरलं आणि त्या पोरीनं ते एका हातानं वरच्या वर झेललं. तू माझा दंड एवढा घट्ट धरलास की दुखला. तिचं गाव, तिचं वर्ष, तिची उंची सगळं विचारून होईपर्यंत तिची एसटी निघून गेली.

पुढं तो दुष्काळ आला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नाही, आणि गाळप नाही म्हटल्यावर संस्थेत काटकसर सुरू झाली. कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी पडली. आसपासच्या गावांतली गुरं तिथं बांधलेली असायची आणि त्यांचे मालक तिथंच राहायचे. संगीताचे वडीलही आपली जनावरं घेऊन तिथं आले. चारा ट्रकांनी यायचा आणि तो टाकायला पक्की, सपाट जागा पाहिजे होती. अशी जागा म्हणजे तुझं मैदान.

तेव्हाच्या प्राचार्यांनी आपल्याला बोलावलं तो दिवस मला आठवतो. कारखान्याच्या चेअरमनचा निरोप आहे, मैदान द्यावं लागेल, असं ते म्हणाले. मी वाद घालायच्या तयारीनं गेलतो. मुलींची स्पर्धा तोंडावर आहे, मैदान कॉलेजचं आहे, छावणीचं नाही, असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "अर्धं घ्या. अर्ध्यात खेळतो आमी."

प्राचार्य सुटल्यासारखे हसले. मी बाहेर आल्यावर तुला विचारलं, कावून बे, एवढी घाई कशाची होती? तू म्हणालास, घाई न केली तर पूर्णच गेलं असतं. मला तेव्हा ते पटलं नाही आणि आजही पुरतं पटलेलं नाही. नाही म्हणून ठाम राहिला असतास तर चारा कारखान्याच्या गोदामात गेला असता, गोदाम तर रिकामंच होतं. पण हेही खरं की गोदामाची किल्ली कुणाकडं आहे हे त्या दिवसांत कुणी सांगत नव्हतं. बघ, इथंच माझा पहिला गोंधळ. तू अर्धं मैदान वाचवलंस की अर्धं घालवलंस?

पलीकडच्या बास्केटखाली उसाच्या वाढ्यांची गंजी लागली. ती वाढत वाढत फळ्याला टेकली आणि तुझ्या पोरी उरलेल्या एका बास्केटवर शिकू लागल्या. चेंडूच्या टपटपीनं सुरुवातीला बैल बुजायचे, मग त्यांना सवय झाली. संगीताचे वडील संध्याकाळी गंजीच्या सावलीला बसून बघायचे. एकदा त्यांनी मला विचारलं की या पोरी एकाच बाजूला का फेकतात, दोन्हीकडं खेळायचं असतं ना? मी म्हणालो, असतं, पण जागा नाही. ते मान हलवत म्हणाले, मग दुसरीकडं गेल्यावर कसं करतील? तुझ्या कानावर मी हे घातलं. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस.

सराव मात्र तू काय घेतलास! पाणी कमी म्हणून पळापळ कमी आणि हाताचं काम जास्त. पास, वळण, पुन्हा पास, मग नेम. पिण्याचं पाणी तू गॅरेजवरून कॅनमध्ये आणायचास आणि स्वतः सगळ्यात शेवटी प्यायचास. त्या हिवाळ्यात तुझ्या पोरींचे पास बघायला छावणीतली माणसं उभी राहायची. बास्केटबॉल न कळणाऱ्या मलाही काहीतरी सुंदर चाललंय हे कळायचं.

आणि आपण जिंकत गेलो. मित्रमंडळाच्या दोन स्पर्धा जिंकल्या, मग विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत पहिली फेरी, मग उपांत्य. मी मात्र प्रत्येक विजयानंतर तुझ्या आनंदावर पाणी टाकत होतो. समोरचे संघ अर्धेमुर्धे यायचे. कुणाच्या चांगल्या खेळाडू घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या, कुठं कॉलेजनंच खर्च नको म्हणून संघ पाठवलेला नाही. मी वर्गात पोरांना शिकवायचो की दुष्काळी वर्षाशी तुलना करून काढलेली वाढ फसवी असते. तेच मी तुला गॅरेजच्या दारात उभं राहून सांगितलं. तू एका जुन्या टेम्पोखालून डोकं बाहेर काढलंस आणि म्हणालास, "आपल्याकडं काय बागायत होती का बे? दुष्काळ आपल्याला बी हायच की."

अंतिम सामना शेजारच्या जिल्ह्यात होता. जिंकणारा संघ पुढच्या आंतरविभागीय स्पर्धेत जाणार आणि तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार. त्यात नाव लागलं की खेळाडूंच्या राखीव जागांतून नोकरीचं दार उघडतं, अशी आपली सगळ्यांची समजूत होती. रेखाची निवड होणार याबद्दल तर कुणालाच शंका नव्हती. तिच्या घरी लग्नाचं बघत होते आणि निवड झाली तर ते थांबवू, असं तिच्या वडिलांनी तुला शब्द देऊन सांगितलं होतं.

आपण कारखान्याच्या जीपनं पोचलो. समोरचा संघ आला नव्हता. वेळ झाली, नियमाची मुदतही संपली. आता पंचांनी घोषणा करायची आणि आपल्याला पुढे चाल मिळायची, एवढंच राहिलं होतं. मी तिथं नव्हतो. जीपचं इंजिन वाटेत तापलं होतं म्हणून मी ड्रायव्हरबरोबर रेडिएटरसाठी पाणी मागत घरोघर फिरत होतो. माणसांना प्यायला नव्हतं, गाडीला कोण देणार? शेवटी एका हॉटेलवाल्यानं कपबशा धुतलेलं पाणी दिलं. ते घेऊन परत आलो तर मैदानाच्या फाटकातून धुळीनं माखलेला एक टेम्पो आत येत होता आणि त्यात मुली उभ्या होत्या. वाटेत गाडी बंद पडली म्हणून त्यांचा मास्तर मिळेल त्या वाहनानं त्यांना घेऊन आला होता. मला वाटलं, आता परत जातील बिचाऱ्या. पण तुझ्या पोरी मैदानात उतरत होत्या. तू पंचांना थांबवून धरलं होतंस.

पहिला अर्धा सामना आपला होता. त्यांच्या मुली प्रवासानं शिणलेल्या होत्या आणि आपले पास त्यांना दिसतसुद्धा नव्हते. मध्यंतरात तू पेरू कापून पोरींना दिलेस आणि माझ्याकडं बघून डोळा मारलास. त्या तेवढ्या वेळात त्यांच्या मास्तरला आपलं गुपित कळलं असावं. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या मुली चेंडू मिळाला की नुसत्या धावत सुटायच्या. आणि आपल्या पोरी क्षणभर जागच्या जागी उभ्या राहायच्या. एका बास्केटवर शिकलेल्या पोरी त्या. सरावात चेंडू गेला की खेळ थांबायचा, तशी पायांना सवय लागलेली. डोक्याला कळत होतं पण पाय उशिरा वळत होते. तू बाजूला उभा राहून पळा, पळा म्हणत होतास. रेखा एकटी मागं धावायची. थोडक्यात नाही, चांगलेच हरलो आपण. नशिबाला दोष देता येऊ नये इतके.

परतीच्या जीपमध्ये रेखा खिडकीला डोकं टेकून बसली होती. तू पुढं ड्रायव्हरशेजारी होतास आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. प्राचार्य मला म्हणाले, कप हातात असता तर चेअरमनपुढं ठेवून तुझं पद वाचवता आलं असतं. त्यांना तसं करायचं होतं की नाही कोण जाणे. पण पुढच्या वर्षी मुलींचा संघ बंद झाला आणि तुला संस्थेच्या दिंद्रुडच्या शाळेवर कवायत घ्यायला पाठवलं. रेखाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. योगायोग असा की तिचं सासरही दिंद्रुडचंच.

मी तुझ्यावर फार चिडलो होतो. हातात आलेला हंगाम तू स्वतःच्या हातानं मोडलास, असं मी तुला तुझ्या भावासमोर म्हणालो. तू शांतपणे म्हणालास की पोरी पहाटेपासून तयार होऊन बसल्या होत्या, त्यांना न खेळवता घरी न्यायचं? मला ते उत्तर खरं वाटलं. पण पुढं एकदा बदलीच्या गावी भेटलो तेव्हा तू वेगळंच सांगितलंस. म्हणालास, सरळ सांगतो, मला वाटलं आपण जिंकतोय. असल्या थकलेल्या संघाला हरवून खरा कप घ्यावा असं वाटलं, माज आलता मला. आणि आणखी बऱ्याच वर्षांनी, तुझ्या पोरीच्या निकाहच्या दिवशी, मांडवाच्या कडेला उभं राहून तू म्हणालास की तो मास्तर हात जोडून उभा होता, त्याच्याकडं बघून नाही म्हणता आलं नाही. तिन्ही वेळा तू तेवढ्याच खरेपणानं बोललास. माणूस एका गोष्टीची इतकी कारणं सांगतो तेव्हा त्याला खरं कारण माहीत नसतं, की सगळीच खरी असतात?

मग ती बाई भेटली. विद्यापीठाच्या पेपर तपासणीला गेलतो, शेजारच्या टेबलावर एक प्राध्यापिका होत्या. आपल्या कॉलेजचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, तुमच्याकडं एक बास्केटबॉलचे सर होते, ते आमच्यासाठी थांबले होते. त्या टेम्पोतल्या मुलींपैकी ती एक. त्यांच्यातल्या एकीची पुढं विद्यापीठाच्या संघात निवड झाली, आणि ही स्वतः त्या सामन्यामुळं घरच्यांशी भांडून पुढं शिकली, असं ती सांगत होती. त्या दिवशी शिकणं सोडूनच द्यायचं ठरवून ती टेम्पोत चढली होती म्हणे. मैदानात कुणी वाट बघत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

माझं सगळं मत फिरलं. तपासणी संपवून मी घरी न जाता तसाच दिंद्रुडला आलो. इतकी वर्षं मी चुकीचा होतो हे तुला तोंडावर सांगायचं होतं. तू ओट्यावर बसून दुधाचं पातेलं झाकत होतास. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, युनूस, तो तुझा सगळ्यात चांगला हंगाम होता. तू खूश होशील असं मला वाटलं होतं.

तू म्हणालास, "मग रेखाचं काय?"

तू पातेल्याकडं बोट दाखवलंस. रेखा आणि तिचा नवरा गावात डेअरीचं दूध संकलन केंद्र चालवतात, हे मला ठाऊक होतं. तू रोज सकाळी तिथूनच दूध आणायचास, हे ठाऊक नव्हतं.

"रोज माप भरून झालं की वर थोडं घालती ती. रोज. त्या सामन्याचं एका शब्दानं बोलत न्हाई. तू एकदा ये, ते वरचं दूध हातात घे, आन् मग मला सांग लई चांगला हंगाम होता म्हणून."

मी विचारलं, मग काय करायला पाहिजे होतं? तू म्हणालास, घोषणा करू द्यायची, कप घ्यायचा, घरी यायचं. मी म्हणालो, आणि त्या टेम्पोतल्या मुली? तू म्हणालास, त्या माझ्या नव्हत्या. तुझ्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला राग आला. मी चप्पल घालून उठलो तेव्हा तू म्हणालास, बस बे, चहा घेऊन जा. चहा पिताना तू माझ्याकडं न बघता पुटपुटलास की आत्ता बोललो ते बी पुरतं खरं न्हाई.

त्यानंतर आपण अनेकदा भेटलो, पण बाजू बदलल्या होत्या. मी त्या हंगामाची बाजू घ्यायचो आणि तू त्याच्याविरुद्ध बोलायचास. आयुष्यात एकदाही आपण दोघं एका बाजूला नव्हतो. मी तो हंगाम वाईट म्हणायचो तेव्हा तू मानलं नाहीस, आणि तू मानलंस तेव्हा मी पलीकडं गेलतो. याला योगायोग म्हणावं की आपल्या दोस्तीची रीतच ती होती?

तुझ्या मिट्टीला मी आलो. तीन मुठी माती टाकली आणि बाजूला झालो. तिथं काही वाटलं नाही, हे तुला सांगून टाकतो. वाटलं ते शोकसभेनंतर, कॉलेजच्या पायऱ्यांवर.

संगीता आणि रेखा दोघी आल्या होत्या. संगीता आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे, केस पिकलेत, चालणं मात्र तेच, चेंडू पुढं असल्यासारखं. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसलो. मी इतकी वर्षं कुणाला न विचारलेलं त्यांना विचारलं. मी पाण्यासाठी गेलतो तेव्हा नेमकं काय झालं? सरांनी सामना खेळायचं कसं ठरवलं?

संगीता लगेच म्हणाली की सरांनी त्यांना विचारलं होतं. सगळ्यांना गोल उभं करून विचारलं, आणि सगळ्या खेळायचं म्हणाल्या.

रेखानं तिच्याकडं बघितलं. "मला न्हाई विचारलं कुणी," ती म्हणाली.

संगीता म्हणाली, "तू कडेला बसून लेस बांधत होतीस. तुला ऐकू आलं नसंल."

"बांधत नव्हते मी. सोडत होते. मला वाटलं संपलं, आता घरी जायचं. सर आले आन् म्हणाले, ऊठ, आल्या त्या."

दोघी भांडल्या नाहीत. दोघी एकमेकींना समजावत राहिल्या, अगदी हळू आवाजात, जणू शेजारी कुणी आजारी माणूस झोपलं आहे. संगीताला तो गोल स्पष्ट आठवतो, कोण कुणाशेजारी उभी होती तेसुद्धा. रेखाला असा काही गोल झालेलाच आठवत नाही. मी अर्धा जन्म तुला दोष देण्यात आणि अर्धा तुझं कौतुक करण्यात घालवला, आणि तो निर्णय तुझा होता की पोरींचा, हे एवढंसुद्धा नक्की नाही. निर्णय पोरींचा असेल, तर मला तू ते कधी सांगितलं का नाहीस? आणि नसेल, तर संगीता कुठला गोल आठवत बसली आहे?

रेखाला मी विचारलं, तुला सरांचा राग आहे का? तिनं थोडा विचार केला. पहिली काही वर्षं होता, म्हणाली, मग पोरं झाली, दूध केंद्र झालं, राग ठेवायला वेळ मिळाला नाही. मी तिला त्या मापावरच्या दुधाचं विचारलं. तुला ते किती लागायचं हे सांगितलं. ती चकित होऊन माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, ते होय? फेस बसला की माप खाली जातं, म्हणून मी सगळ्यांनाच वर घालते. सरांना काही वेगळं घातलं नाही कधी.

युनूस, हे तुला सांगायला पाहिजे होतं कुणीतरी. तुझ्या जिवंतपणी, एखाद्या सकाळी, सहज. की सांगितलं असतं तरी तू मानलं नसतंस? मग रेखानं मला विचारलं की तिची निवड खरंच झाली असती का. मी म्हणालो, मला खेळातलं कळत नाही गं. ती म्हणाली, सरांना कळत होतं, त्यांना विचारायचं राहिलं. मग दोघी एकाच एसटीनं गेल्या. जाताना संगीतानं रेखाची पिशवी धरली होती.

काल मी तुझ्या घरी आलो. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागं पाळायच्या त्या एकांतात, असल्यानं आतल्या खोलीत पडद्याआड होती. मी बाहेर बसलो. तुझी मुलगी चहा देऊन गेली. भाभीनं माझ्या गुडघ्यांचं विचारलं, माझ्या सुनेचं विचारलं. तुझं शेवटचं आजारपण थोडं सांगितलं.

मग पडद्याआडून म्हणाली, "भाईजान, एक खरं सांगा. त्या दुष्काळाच्या साली हे दिवसभर मैदानावर. पोरगी पोटात होती, टँकर आला की हंडे मी एकटीनं भरले. मी कधी तक्रार केली न्हाई. ते साल त्यांचं खरंच चांगलं होतं का?"

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. कुठलं उत्तर ऐकायचंय तिला, काही अंदाज येईना. चांगलं होतं म्हटलं तर तिचे हंडे सार्थकी लागतात. वाईट होतं म्हटलं तर कदाचित तिला इतक्या वर्षांनी तुझ्यावर रीतसर रुसता येईल, आणि तिला तेच हवं असेल तर? मला रेखा दिसली, ती टेम्पोतली प्राध्यापिका दिसली, गंजीखाली बसलेले संगीताचे वडील दिसले, आणि यातलं काही एकमेकांत बसेना. पुस्तकात अशा वेळी सरासरी काढतात. मी शिकवली आहे पोरांना ती. इथं कशाची काढणार?

मी म्हणालो, "होय भाभी. चांगलं होतं."

खरं बोललो की खोटं, मला सांगता येत नाही. एवढं नक्की की म्हणताना आवाज कापला नाही. तू तिथं असतास तर लगेच माझं तोंड धरलं असतंस.

मग ती म्हणाली की हे तर शेवटपर्यंत नाही म्हणायचे. मी म्हणालो, ठाऊक आहे, आमचं त्यावरूनच भांडण होतं, आता भांडायला कुणी राहिलं नाही.

"तुमी आपलं हो म्हणत जा," पडद्याआडून ती म्हणाली, "न्हाई म्हणायला मी हाय. पुढच्या जुम्म्याला या."